बाळंतविड्याची यादी

सिगलॅप, सिंगापूर
अनंत चतुर्दशी

चि. सौ. बेबीस,

तुझी यादी मिळाली. वहीच्या पानाचा फोटो, तोही तिरका, आणि खाली "ताई, काही राहिलंय का बघ." राहिलेलं काहीच नाही, उलट निम्मं काढायचं आहे. फोनवर सांगितलं तर तू "हो ताई, हो ताई" म्हणशील आणि चांगी विमानतळावर तुझ्या बॅगेतून शेगडी निघेल, म्हणून बसून लिहिते आहे. तुझ्या मुक्ताला दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, तेव्हा तुला भांडायलाही भरपूर वेळ आहे.

शेगडी आणि धुरीचं सामान आधी खोड. तिचा मरीन परेडचा फ्लॅट म्हणजे आपल्या वाड्यातली बाळंतिणीची खोली नव्हे. इथे २०१८ च्या जूनपासून नव्या घरांत धूर ओळखणारी घंटा लावावीच लागते, आणि मुक्ताच्या छतालाही ती आहे. तू ओवा-वावडिंग निखाऱ्यावर टाकलंस की सगळा मजला दारात येऊन उभा राहील. घंटा नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. सुमात्रातली जंगलं पेटली की तो धूर वाऱ्याबरोबर इथे येतो. जून २०१३ मध्ये इथला हवेचा निर्देशांक ४०१ वर गेला होता आणि तीनशेच्या वर गेला की हवा धोक्याची धरतात. तेव्हा सगळं शहर दारं-खिडक्या लावून बसलं होतं. परक्या देशाच्या धुरासाठी हवा गाळायचं यंत्र विकत घ्यायचं आणि घरच्या धुरात बाळाला शेकायचं, याला काय म्हणावं?

आता यादीतली सगळ्यात साधी ओळ: "आईच्या जुन्या पातळांची दुपटी." वाचून भरून आलं आणि पाठोपाठ धडकीही भरली. ती पातळं कुठे आहेत ते मला माहीत आहे. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांसकट. ट्रंक उघडली की जिन्यापर्यंत वास येतो. त्या ट्रंकेतलं एक फडकंही बाळाच्या अंगाला लावू नकोस.

का, ते नीट सांगते, कारण ही गोष्ट मुळात याच शहराची आहे. इथलं सरकारी बाळंतपणाचं इस्पितळ म्हणजे कांडांग केरबाव, सगळे त्याला केके म्हणतात. १९६६ या एका वर्षात तिथे ३९,८३५ बाळं जन्मली. एका इस्पितळातल्या जन्मांचा तो जगातला उच्चांक ठरला आणि पुढे कितीतरी वर्षं टिकला. त्या काळात इथे धडधाकट जन्मलेली बाळं आठवड्याभरात पिवळीधमक व्हायची. कावीळ मेंदूपर्यंत जायची, मग झटके यायचे, काही दगावायची आणि जगली तर बहिरी किंवा लुळी राहायची. प्राध्यापक वाँग हॉक बून आणि त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनी यामागची कारणं शोधली. त्यातल्या बऱ्याच बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी होतं. हे विकर तांबड्या पेशींना सांभाळून असतं. ते कमी असलं म्हणून एरवी माणसाला काही होत नाही, सुखानं जगतो. पण ठराविक पदार्थ अंगात गेला की पेशी भराभर फुटतात आणि कावीळ पाहता पाहता चढते. हे पदार्थ घरातलेच निघाले. एक होतं चिनी आज्यांचं बाळकडू, म्हणजे हुआंग लियान नावाची पिवळी मुळी. दुसरी कपाटातली डांबराची गोळी.

मग १९६५ पासून इथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या नाळेतलं रक्त या एका गोष्टीसाठी तपासू लागले. वर्षाला चाळीस हजार बाळं एका दारातून बाहेर पडत असताना प्रत्येकाच्या आजीला गाठून समजावणं कोणाला जमणार होतं? त्यापेक्षा नाळेतलं थोडं रक्त घेणं सोपं, असा माझा आपला अंदाज. त्या पिवळ्या मुळीतल्या बर्बेरीनवर १९७८ साली बंदीच आली, ती जवळजवळ चाळीस वर्षांनी टप्प्याटप्प्यानं उठली. तेच बर्बेरीन आपल्या दारुहळदीत असतं, तेव्हा 'ते चिनी लोकांचं, आपलं आयुर्वेदिक' असं म्हणायची सोय नाही.

डांबराच्या गोळीतलं नॅफ्थलीन कापडात मुरतं. बाळाच्या अंगाला तेल असलं तर कातडीतून आणखी सहज शिरतं. म्हणजे छान मालीश करून पणजीच्या मऊ पातळात गुंडाळणं हे त्याला थेट वाट करून देण्यासारखं. विकराचा हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलग्यात उतरतो. आपल्याकडे पारशांत तो बराच सापडतो, इतरांतही आहे. पण आपल्याकडे सरसकट तपासणी होत नाही, म्हणून कोणाला पत्ता नसतो. मुक्ताच्या बाळाचा निकाल इस्पितळातच कळेल आणि बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेत लिहून येईल. तो आपल्या मनासारखा आला तरी गोळ्यांचे कपडे नकोत. आणि दोष निघाला तर बारशाला बाळाच्या तळपायाला मेंदीचा ठिपकासुद्धा नको, मेंदीनंही तेच होतं. तुझ्या नेहमीच्या कपाटात आईची दोन सुती पातळं आहेत, गोळ्या न लावलेली. ती फाड, गरम पाण्यात धू आणि आण. तेवढी पुरतात. इथे कपडे वाळायला वेळ लागत नाही.

कावीळ बाकीच्या बाळांनाही होते, थोडी सगळ्यांनाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिडकीशी उजेडात ने, कपाळावर बोटानं हलकं दाबून सोड आणि खालचा रंग बघ. मुक्ताच्या घरात पिवळे दिवे आहेत, त्यांत बघून काही कळणार नाही. पिवळेपणा पोटापायांपर्यंत उतरला, बाळ मलूल झालं, प्यायला उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. बाळाला कोवळ्या उन्हात धरायचा आपला रिवाज इथे सोड. हा मुलूख विषुववृत्ताला चिकटलेला. इथे सूर्य सातला उगवतो आणि नऊला चटके देतो, उघडं बाळ भाजून निघेल. काविळीसाठी इस्पितळात निळ्या उजेडाचे दिवे आहेत. घरचा उपाय एकच, पुन्हा पुन्हा पाजणं. साखरपाणी, ग्लुकोजपाणी, काही नाही.

गुटीच्या डब्यापाशी तू चिडणार. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, अतिविष, सागरगोटा, काकडशिंगी, ज्येष्ठमध, सगळं तू किती निगुतीनं निवडून ठेवलं असशील ते मला दिसतंय. आपण दोघी त्याच डब्यावर वाढलो हेही खरं. पण आपल्याबरोबरची जी वाढली नाहीत, त्यांची आठवण कोणी गुटीच्या खाती मांडत नाही. सहाणेवर किती वेढे घेतले यावर डोस ठरतो आणि वेढे घेणारीचा हात रोज सारखा पडत नाही. जायफळाचे दोन वेढे जास्त झाले की बाळ गाढ झोपतं, आणि आपण म्हणतो, गुटी लागू पडली! बाळाला गुंगी आली होती, एवढंच. वर मधाचं बोट. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती निमूट निघून जातात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडत जातं. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी हा आजार १९७६ साली ओळखला. त्याआधी अशा बाळांना काय झालं असं लोक म्हणत असतील, देव जाणे. वर्षापर्यंत मध नाही, गुटीत नाही, चाटणात नाही. सहा महिने आईच्या दुधाखेरीज फक्त डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब वगैरे.

काजळही नको. बाजारच्या काजळ-सुरम्यात शिसं सापडतं. घरी धरलेलं असलं तरी डोळ्यात बोट जातंच. दृष्ट लागेल असं वाटलं तर तळपायाला तीट लाव. काळे मणी, करगोटा, मनगट्या बारशाच्या फोटोपुरत्या घाल आणि झोपवण्याआधी उतरव.

मोहरीची उशी वाचून मला हसू आलं. या भागात चिनी बाळांना मुगाच्या सालपटांची उशी देतात, छातीवर ठेवतात, म्हणजे म्हणे बाळ दचकत नाही. आपली डोक्याखाली, त्यांची छातीवर, आणि डॉक्टर दोन्हीकडे सारखेच कपाळाला हात लावतात. पाळण्यात उशी, लोड, गोधडी, भरलेलं अस्वल, काहीच नको. घट्ट गादी, ताणून बसवलेली चादर आणि बाळ पाठीवर. पालथं झोपवायचं नाही, कुशीवरही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ साली बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त कूस बदलली. पाठीवर झोपलं की डोकं मागून चपटं होतं हे खरं. ते पुढे भरून येतं. जागेपणी आपल्या डोळ्यांसमोर पालथं खेळव.

रात्री बाळाला तुझ्या कुशीत घेऊन झोपायचा बेत असेल तर तोही सोड. त्याचा पाळणा मुक्ताच्या पलंगाशेजारी राहील. आणि तिला सोफ्यावर पाजताना डुलकी लागली तर उठव किंवा बाळ काढून घे. सोफ्याच्या फटीत बाळाचं तोंड दबतं, पलंगापेक्षाही ती जागा वाईट.

या निमित्तानं शेजाऱ्यांचंही सांगते, कारण तू आलीस की तुला ते लिफ्टमध्ये भेटतील आणि तू त्यांच्याशी सुईणीसारख्या गप्पा मारशील. चिनी बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही, आलं आणि सुकी लाल बोरं घालून उकळलेलं पाणी पिते, डोकं धूत नाही. त्यासाठी महिन्याच्या बोलीवर एक बाई घरी राहायला आणतात. मलय बायका चव्वेचाळीस दिवस पाळतात. त्यांच्याकडे मालीशवाली येते, पोटाला लांबलचक पट्टा आवळून बांधते. जू चियाट आणि गेलांग सराईच्या बाजारात त्यांचा बाळंतकाढा मिळतो, तुझ्यासारख्या बाळंतशेपेवालीला तो वास ओळखीचा वाटेल. आपला सव्वा महिना. तीन भाषा, तीन देव, आणि तिघींची भीती एकच, वारा लागेल! ज्या बेटावर वारा पडला की जीव घाबरा होतो, तिथे तिन्ही आज्या खिडक्या लावून घेतात.

तिघींचं एक मात्र सोळा आणे खरं. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, आयतं गरम ताट द्यायचं, तिला झोपू द्यायचं. इथल्या नव्या मुलींना यंत्रं सगळी मिळतात. श्वास मोजणारा मोजा मिळतो, रडण्याचा अर्थ सांगणारं ॲप मिळतं. पहाटे चारला बाळ हातातून घेणारं माणूस मिळत नाही. म्हणून तू ये. डबा राहू दे.

थंडीची भीती कुठून आली ते मी गडचिरोलीवरून समजले. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं एकोणचाळीस गावांत घरच्या घरी नवजात बाळं सांभाळायचा प्रयोग केला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरोघर जाऊन बाळ तोलायच्या, अंग गार पडलंय का बघायच्या, गुंडाळायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध द्यायच्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आता देशभरच्या आशाताई हेच करत घरोघर फिरतात. गडचिरोलीच्या थंडीत उघडं, कमी वजनाचं बाळ गारठून जातं, तिथे कुंची हवीच. मरीन परेडला रात्रीसुद्धा पंचवीस-सव्वीस अंश. इथे कुंची, लोकरीचे मोजे आणि वर दुपटं म्हणजे बाळाला घामोळं आणि ताप, दोन्ही आपण द्यायचं. पंखा चालू ठेव, एसी जावयाला हवा तेवढा लावू दे, फक्त झोत पाळण्यावर नको. बाळाच्या मानेमागे हात घाल. घाम लागला तर एक कपडा काढ. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, तान्ह्यांचे ते गारच असतात.

त्या आरोग्यदूतांची मोजणी मात्र जशीच्या तशी उचल. बाळ शांत झोपलेलं असताना पोटावरचं कापड बाजूला कर. पोट वर आलं की एक. सेकंदकाटा पूर्ण फिरेपर्यंत मोज, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, कारण तान्ही बाळं भराभर श्वास घेतात आणि मग पाच-दहा सेकंद थांबतात, तेवढ्यात आपला जीव खालीवर होतो. ते थांबणं नेहमीचं. पहिल्या दोन महिन्यांत साठ किंवा जास्त आले तर थोड्या वेळानं पुन्हा मोज. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर डॉक्टर. आणि श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नकोस, ९९५ लाव, रुग्णवाहिका येते. ताप तीन महिन्यांच्या आत ३८ अंशांवर गेला, तुझ्या थर्मामीटरवर १००.४, तर क्रोसिन नाही, थंड पाण्याच्या पट्ट्या नाहीत, सरळ इस्पितळ. रात्रीचे दोन का असेनात.

मालीश कर, मनसोक्त कर. खोबरेल घे, मोहरीचं तेल नको, कोवळ्या कातडीला ते झोंबतं. टाळूवर तेल नुसतं लाव, दाबू नकोस. नाकात-कानात तेल सोडायचं नाही, नाकातलं थेट फुप्फुसात उतरतं. आंघोळीच्या पाण्यात आपलं कोपर बुडवून बघ, मग बाळ.

घरात काय काय बघायचं ते भराभर लिहिते. मुक्ताच्या खिडक्यांना गज आहेत, पण बाल्कनीच्या कठड्याजवळ तुझा मोडा किंवा कुंडी ठेवू नकोस. आता रांगत नाही म्हणशील, वर्षभरात चढेल. तुळशीच्या कुंडीखालची ताटली काढून टाक. इथे डेंग्यूचा डास असल्याच चमचाभर पाण्यात होतो. २०२० साली पस्तीस हजारांवर लोकांना डेंग्यू झाला. ज्या भागात रुग्ण वाढतात तिथे इमारतीखाली फलक लागतो, तांबडा असेल तर दहा किंवा जास्त रुग्ण. अधिकारी घरात येऊन ताटल्या, बादल्या, मोऱ्या तपासतात आणि दंड करतात. बादलीचंच दुसरं, न्हाणीघरात भरून ठेवायची आपली सवय मोड. रांगतं बाळ डोकावतं आणि वीतभर पाण्यात बुडतं. चहाचा कप आणि बाळ एका मांडीवर नको. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धर, हळद नाही, टूथपेस्ट नाही. वॉकर कोणी भेट दिला तर दुकानात परत देऊ, कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीलाच बंदी आहे. आणि दिवाळीच्या बॅटरीवरच्या पणत्या! त्यातला चकतीएवढा सेल बाळानं गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका जाळतो. तुपाची एक पणती देवापाशी लाव, ती परवडली.

झोळीचं विचारलंस. इथे मलय आणि तमिळ घरांत छताला स्प्रिंग लावून सारोंगची झोळी टांगतात, विजेवर आपोआप हलणारीही मिळते. दुपारी तू शेजारी बसून मऊ झोका देत असशील तर मी डोळेझाक करीन. रात्रभर त्यात नाही. वाकलेल्या मानेनं श्वास कोंडतो.

लशींचं मुक्ता बघेल, पुस्तिकेत तारखा आहेत. घटसर्प आणि गोवर यांच्या लशी इथे कायद्यानंच सक्तीच्या. पण उष्टावणाला सहाव्या महिन्यात कोल्हापूरला न्यायचं तुमचं जे चाललंय, त्याआधी डॉक्टरांना विचारा. गोवराची पहिली लस इथे बाळ वर्षाचं झाल्यावर देतात, आपल्याकडे नवव्या महिन्यात. २०२२ च्या शेवटी मुंबईत, गोवंडीकडे गोवराची केवढी साथ आली होती! देवीच्या दर्शनाला वर्षभर उशीर झाला तर देवी रागवायची नाही. आणि तू निघण्याआधी डांग्या खोकल्याची मोठ्यांची लस घे. बाळाला तो खोकला बहुतेक घरातल्याच माणसांकडून होतो. किमान दोन आठवडे आधी घे. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवायचे, पापे घ्यायचे नाहीत. आपल्या मंडळातल्या बायका नाराज होतील, त्यांना मी बघून घेईन.

आता काय आणायचं. अळीव आण, डिंक आण, बाळंतशेपा, सुंठ, मेथ्या आण. खसखस मात्र एक दाणाही नको, डिंकाच्या लाडवात घातलेलीसुद्धा नको. इथे खसखस बंदी असलेल्या मालात मोडते आणि अमली पदार्थांचा कायदा किती कडक आहे ते तू ऐकलं असशील. लाडू इथेच करू. अंगडी-टोपडी सुतीच, बंदांची, बटणांची नको. वाळे आण, मला बघायचे आहेत.

तू इकडे आल्यावर तिकडे दाजींचं पथ्य कोण सांभाळणार आहे ते कळव. धाकट्या सूनबाईला माझा आशीर्वाद सांग.

तुझी,
ताई

ता. क. मुक्ताकडे इंडोनेशियाची मुलगी कामाला आहे. तिच्या घरी तिची स्वतःची दोन लहान आहेत. तिला बाळ कसं धरायचं ते शिकवायला जाऊ नकोस, पण पाठीवर झोपवणं, ९९५ आणि श्वासाची मोजणी हे तिघींनी एकत्र बसून एकदा करून बघा. तू दुपारी झोपतेस तेव्हा ती जागी असेल.